बंडी, टेम्पो आणि पिकअप : गरज कोठे संपते?

(वर्धा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांत गवळाऊ नावाची गाईबैलांची जात आहे. या जातीचे बैल पांढरे, अंगाने सडसडीत आणि चालीला चपळ. जड ओझ्यापेक्षा हलक्या गाडीला ते अधिक शोभतात. मोटार या भागात येण्यापूर्वी माल नेण्याची बंडी आणि माणसे नेण्याची हलकी रेंगी अशी दोन वाहने बऱ्या स्थितीतील शेतकऱ्याच्या दारात असत. बंडी रोजच्या कामाची. रेंगी लग्नाकार्याची, जत्रेची, लेकीला माहेरी आणण्याची. ज्याच्याकडे गवळाऊची देखणी जोडी आणि रंगविलेली रेंगी असे, त्याचा गावात थोडा रुबाब असे. तेव्हा वाहनाने मिरविण्याची हौस ही काही मोटारीबरोबर आलेली नाही. परंतु त्या व्यवस्थेत एक विवेक होता. रेंगीच्या ऐटीचा खर्च बंडीच्या माथी मारला जात नसे. बंडीवाचून कोणाचे भागत नसे. रेंगीवाचून पुष्कळांचे भागत असे, आणि ज्याला ती नको असे त्याला ती घ्यावी लागत नसे.

आज ही दोन्ही वाहने एका यंत्रात एकवटली आहेत. पुढे बसावयाची खोली आणि मागे उघडा हौदा, अशा या वाहनाला सारा महाराष्ट्र पिकअप म्हणतो. सेलूच्या रस्त्याने भाजीपाला घेऊन जाणारी पिकअप, हिंगणघाटच्या बाजारात कापूस उतरविणारी पिकअप आणि एखाद्या बंगल्यासमोर उभी असलेली चौतीस लाखांची पिकअप, या तिघींचे नाव एक असले तरी जात एक नाही. कामाचे वाहन शौकाचे कसे होते, त्याची किंमत कशी चढत जाते आणि त्या चढत्या किमतीचा भार शेवटी कोण वाहतो, याचा हिशेब मांडणे हा आजचा विषय आहे.

अमेरिकेतील धडा

हा प्रवास प्रथम अमेरिकेत घडला, म्हणून तेथून आरंभ करणे सोयीचे. १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच मागे हौदा बसवून ती विकावयास काढली. किंमत २८१ डॉलर. त्या काळी फोर्डच्या कारखान्यात कामगाराला दिवसाला सहा डॉलर मजुरी होती. म्हणजे सुमारे ४७ दिवसांच्या मजुरीइतकी ही किंमत झाली. गाडीत चैनीचे काही नव्हते. दोन माणसांची बैठक, मागे पत्र्याचा हौदा, एवढेच. शेतकरी, सुतार, दूधवाला यांचे ते वाहन होते.

आज त्याच कंपनीची पिकअप घ्यावयाची तर सर्वसाधारणपणे पन्नास-साठ हजार डॉलर मोजावे लागतात आणि वरच्या श्रेणीतील गाडी त्याहूनही कितीतरी महाग आहे. तासाला पस्तीस-चाळीस डॉलर मिळविणाऱ्या कामगाराला यासाठी दीडशे ते दोनशे दिवसांची मजुरी घालावी लागेल. अर्थात आजची गाडी शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीहून शतपटीने सुरक्षित आणि बलवान आहे, हे मान्य केले पाहिजे. पण बदल केवळ बळाचा नाही. पूर्वी दोघातिघांची बैठक आणि आठ फुटी हौदा ही सर्वसाधारण रचना होती. आता चार दारांची, पाच जणांची बैठक आणि जेमतेम साडेपाच फुटी हौदा ही रचना रूढ झाली आहे. मालाची जागा आखडली आणि मालकाची जागा ऐसपैस झाली.

हे केवळ लोकांच्या आवडीने घडले असे समजणे भाबडेपणाचे होईल. युरोपातील राष्ट्रांनी अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढविली म्हणून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के आयात कर लावला. कोंबड्यांचे भांडण विरले, कर मात्र राहिला. त्या भिंतीआड तेथील कारखानदारांना स्वस्त परदेशी पिकअपची धास्ती उरली नाही. पुढे तेलाच्या टंचाईनंतर १९७५ मध्ये इंधन वाचविण्याचा कायदा झाला, पण हलक्या ट्रकला मोटारीपेक्षा सौम्य नियम लागू झाले. कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचे आणि कारागिराचे साधन, अशी समजूत होती. कारखानदारांनी या समजुतीचा पुरेपूर लाभ घेतला. नियम सौम्य, स्पर्धा अल्प, नफा भरपूर, असा हा माल शहरातील नोकरदाराच्या गळ्यात उतरविण्यासाठी जाहिरातींचा पाऊस पाडण्यात आला. कष्टकऱ्यासाठी दिलेली सवलत कष्टकऱ्याच्या नावावर दुसऱ्यानेच उपभोगली. हा धडा लक्षात ठेवावयाचा, कारण आपल्याकडेही त्याची आवृत्ती निघू लागली आहे.

टेम्पोचे दिवस

महाराष्ट्रात हलक्या मालवाहतुकीचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि तीनचाकी मालगाडी रस्त्यावर आली. नावातील बजाज हे वर्ध्याचेच घराणे. ती गाडी एवढी रुळली की जर्मन कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. आजही खेड्यातील माणूस कोणत्याही छोट्या मालगाडीला टेम्पोच म्हणतो. १९६९ मध्ये मॅटाडोर आली, १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली. या गाड्यांत बसणे म्हणजे सुख नव्हते. इंजिनाची धग पायाला लागे आणि आवाजाने कान बधिर होत. पण मालकाला ती दुरुस्त करता येई, गावच्या मिस्त्रीला तिचे अंतरंग ठाऊक असे, आणि ती हौद्याच्या मापाने विकली जाई, आसनाच्या मऊपणाने नव्हे.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाची पायरी २००५ ची. त्या वर्षी टाटांनी एस नावाची गाडी काढली. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले. दोन सिलिंडरांचे लहानसे डिझेल इंजिन, पाऊण टन माल, किंमत सव्वादोन लाखांच्या घरात. ज्याने आजवर दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून आयुष्य काढले त्याला स्वतःच्या गाडीचा मालक होण्याची वाट या गाडीने दाखविली. डॉ. लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात छोट्या यंत्राचा विचार मांडला होता. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोघांचेही महाकाय यंत्र भारताच्या उपयोगाचे नाही, थोड्या भांडवलावर गावात चालेल असे यंत्र हवे, हे त्याचे सार. छोटा हत्ती एका मोठ्या भांडवलदाराने काढला हे खरे; परंतु वापराच्या बाजूने पाहिल्यास त्या विचाराच्या जवळ जाणारे हे यंत्र होते, हे मोकळेपणाने मान्य करावयास हरकत नाही.

कापसाच्या मापाने

रुपयांत मोजलेली महागाई फसवी असते, कारण रुपयाच आखडत असतो. वर्धा जिल्ह्यात मोजण्याचे प्रामाणिक माप कापसाचे. २००५-०६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला १,९८० रुपये होता. त्या भावाने सव्वादोन लाखांचा छोटा हत्ती घ्यावयास सुमारे ११४ क्विंटल कापूस लागे. एप्रिल २०२३ मध्ये महिंद्र कंपनीने बोलेरो मॅक्स पिकअपची नवी मालिका ७ लाख ८५ हजारांपासून पुढे विक्रीस काढली. २०२३-२४ चा हमीभाव ७,०२० रुपये होता. म्हणजे ११२ क्विंटल. गाडी अधिक मोठी, अधिक ओझे नेणारी आणि कापसाच्या मापात किंमत तेवढीच! मग महागाई कोठे आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो टाळता कामा नये.

त्याचे उत्तर असे, की एकूण पिकाच्या मापाने किंमत तेवढीच दिसत असली तरी पिकातून हाती उरणाऱ्या शिलकीच्या मापाने ती तेवढीच नाही. बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी यांचा खर्च वजा जाता शेतकऱ्याकडे राहते काय? कोरडवाहू कापसाच्या एकरी पाच-सहा क्विंटलांतून शिलकीचे क्विंटल किती, हे या सभेतील प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय हमीभाव हा कागदावरचा भाव आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क स्थगित केले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. हंगाम तोंडावर असताना परदेशी कापसाला दार उघडण्यात आले. गाडीची किंमत ठरविणारा कारखानदार आपल्या खर्चावर नफा चढवून ती ठरवितो. कापसाची किंमत ठरविताना शेतकऱ्याला कोणी विचारीत नाही. विषमतेचे मूळ येथे आहे.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. गाडी रोखीने कोणी घेत नाही. उदाहरणादाखल आठ लाखांचे कर्ज बारा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे १७ हजार ८०० रुपये हप्ता बसतो आणि पाच वर्षांत मुद्दलावर पावणेतीन लाखांच्या आसपास व्याज जाते. महिन्याचे पंचवीस दिवस भाडे मिळाले असे धरले तरी रोजचे सातशे रुपये केवळ हप्त्यापोटी निघाले पाहिजेत. डिझेल, विमा, टायर, पासिंग आणि पोटाची भाकरी त्यानंतर. पण वर्धा जिल्ह्यात भाडे बारमाही नसते. सोयाबीन निघाले की काही दिवस, कापूस वेचणीला आला की दोन-तीन महिने, संत्र्याच्या बहाराचे थोडे दिवस. पावसाळ्यात गाडी दारात उभी राहते. हप्ता मात्र उभा राहत नाही. त्यामुळे चालक-मालक क्षमतेपेक्षा अधिक माल भरतो, रात्रंदिवस गाडी चालवितो आणि पडेल त्या भाड्याला होकार देतो. तो मालक म्हणवितो, पण त्याच्या श्रमाचा पहिला हक्कदार वित्तसंस्था असते.

सुखसोय कोणाची?

किंमत वाढण्याची कारणे पाहताना न्याय्य आणि अन्याय्य वाढ यांची गल्लत करू नये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण नियम लागू झाले; त्यामुळे इंजिने महागली. ती वाढ समाजाच्या फुप्फुसांसाठी आहे, तिला विरोध करण्याचे कारण नाही. चांगले ब्रेक आणि सीटबेल्ट यांची किंमतही अशीच रास्त. आणि चालकाच्या सुखसोयीला चैन म्हणून हिणविणे तर समाजवादी माणसाला मुळीच शोभणारे नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. त्या उन्हात लोखंडी डब्यात दहा तास बसणाऱ्या माणसाला गार हवा मिळणे हा त्याचा हक्क आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, ही स्वागतार्ह गोष्ट. पण ही सक्ती साडेतीन टनांवरील ट्रकना आहे. वर्ध्याच्या रस्त्यावरील बहुसंख्य पिकअप तिच्याखाली राहतात. ज्याला गारवा हवा, त्याने वरच्या श्रेणीची गाडी घ्यावी असा बाजाराचा न्याय आहे. आणि त्या श्रेणीत गारव्याबरोबर पडदा, नक्षी, चकाकणारे दिवे आणि इतर दहा गोष्टी गळ्यात बांधल्या जातात. गरजेची एक वस्तू हवी असेल तर हौसेच्या नऊ वस्तू विकत घ्या, ही ती क्लृप्ती.

याच्या दुसऱ्या टोकाला शुद्ध शौकाची पिकअप आहे. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये साडेबारा लाखांच्या आसपास किमतीत आली. २०२१ मध्ये तिची नवी आवृत्ती वीस लाखांच्या घरात गेली. टोयोटाच्या हायलक्सची किंमत मार्च २०२२ मध्ये जाहीर झाली ती ३३ लाख ९९ हजारांपासून पुढे. २०२१-२२ च्या ६,०२५ रुपये हमीभावाने हा झाला ५६४ क्विंटल कापूस. एकरी सहा क्विंटल धरले तरी चौऱ्याण्णव एकरांचे वर्षाचे संपूर्ण पीक. या गाडीच्या हौद्यात कापसाचे बोंडही पडत नाही. कोणी आपल्या पैशाने ती घेतली तर इतरांनी का बोलावे, असे विचारले जाते. बोलावे, कारण कराच्या कागदावर या गाडीचे स्थान काय हे पाहणे अगत्याचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि मोठ्या प्रवासी मोटारींवर ४० टक्के झाला. छोट्या हत्तीवरील कर घटला, हे उत्तमच. पण पाच जणांच्या मऊ आसनांची, चामड्याच्या गाद्यांची पिकअपही जेव्हा मागच्या हौद्याच्या आधारावर मालवाहू वर्गात गणली जाते, तेव्हा श्रमिकाच्या नावाने दिलेली सवलत श्रीमंताच्या अंगणात पोचते. अमेरिकेचा धडा आठवावयाचा तो येथे.

आणि हौद्याचा खरा उपयोग कोणासाठी होतो? निंदणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला या जिल्ह्याच्या कोणत्याही चौकात उभे राहावे. डबे कमरेला बांधलेल्या पंधरा-वीस बाया पिकअपच्या उघड्या हौद्यात उभ्याने दूरच्या शिवारात जाताना दिसतील. पुढे मऊ आसन, मागे पत्रा. आणि माणसे पत्र्यावर. मालवाहू वाहनातून माणसे नेणे मोटार वाहन कायद्याला मंजूर नाही. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोडल्यास हौद्यातील प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात घेतलेली आहे. म्हणजे गाडी उलटली तर दोषी ठरतो कर्जात बुडालेला गाडीवाला आणि भरपाईसाठी हेलपाटे घालते मजूर बाई. राज्याने मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीचे अर्धे तिकीट दिले. पण ज्या शिवाराला सकाळी सातची गाडीच नाही, तेथे अर्ध्या तिकिटाचा उपयोग काय? गाड्यांच्या श्रेणी वाढत असताना कष्टकरी बाईच्या बसण्यासाठी एक फळी मात्र कोणत्याही श्रेणीत बसविलेली नाही.

साधे आणि गुंतागुंतीचे

या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी वर्ध्यानेच एके काळी दिलेली आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम आरंभिले. १९४५ च्या आपल्या शाश्वत अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी एक मार्मिक मुद्दा मांडला : राहणीमान उच्च किंवा नीच म्हणणे दिशाभूल करणारे आहे, ते साधे किंवा गुंतागुंतीचे म्हणावे. वस्तूंची संख्या वाढली म्हणजे जीवन उंचावले असे नव्हे. ते केवळ गुंतागुंतीचे झाले असेल. पिकअपला हा निकष लावून पाहावा. जे यंत्र गावच्या मिस्त्रीला उघडता येत नाही, जिचा एक दिवा फुटला तर नागपूरला जावे लागते, ती गाडी उच्च झाली की पराधीन झाली?

सेवाग्रामच्या आठवणींत एका गाडीचा उल्लेख येतो. जमनालालजींच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती वर्धा-सेवाग्राम वाटेवर माणसांची ने-आण करी आणि तिला गमतीने ऑक्स-फोर्ड म्हणत. बैल म्हणजे ऑक्स आणि मोटार फोर्ड! ती थट्टा होती, आणि पुन्हा बैल जुंपा असे सांगणारा आजच्या कष्टकऱ्याची चेष्टा करील. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि त्यावर दुचाकीलाही मज्जाव आहे, तेथे बंडीचे नाव कशाला? पण त्या थट्टेत एक शहाणपण दडलेले होते. वाहन माणसाच्या कामाला जुंपावयाचे. माणूस वाहनाच्या हप्त्याला जुंपावयाचा नाही.

काय करता येईल?

केवळ नापसंती व्यक्त करून भागणार नाही. काही मागण्या निश्चित केल्या पाहिजेत. पहिली, मालवाहू वाहनाची करसवलत नावावर नव्हे, कामावर द्यावी. हौद्याची लांबी, वाहून नेण्याचे वजन आणि किंमत यांची मर्यादा घालून श्रमाचे वाहन आणि शौकाचे वाहन यांत कायद्याने भेद करावा. दुसरी, चालकाच्या केबिनचा गारवा आणि सुरक्षिततेची साधने ही साडेतीन टनांखालील सर्व मालवाहू वाहनांत मूळ किमतीतच असावीत. ती चैनीच्या श्रेणीत कोंडून ठेवण्यास मनाई असावी. तिसरी, हंगामी उत्पन्न असणाऱ्याला हंगामी हप्ता असावा. पीककर्ज हंगामाने फेडता येते, तर त्या पिकाची वाहतूक करणाऱ्या गाडीचे कर्ज का नाही? चौथी, वेचणी आणि निंदणीच्या काळात शेतमजूर स्त्रियांसाठी एसटीने वेळेवर फेऱ्या सोडाव्यात; तेथे ते अशक्य असेल तर बाके आणि कठडे बसविलेल्या, विमा उतरविलेल्या वाहनांना परवाना द्यावा.

पाचवी गोष्ट सरकारकडे मागावयाची नाही, ती गावाने करावयाची आहे. एका गावात दहा गाड्या वर्षातील सात महिने दारात उभ्या राहतात आणि दहा घरे हप्ते भरतात. तेथे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने किंवा उत्पादक कंपनीने तीन गाड्या घेतल्या, चालकांना नियमित पगार दिला आणि फेऱ्यांची पाळी लावली, तर माल तेवढाच जाईल आणि कर्ज एक-तृतीयांशावर येईल. अवजारांच्या भाडे केंद्रांत हे तत्त्व ट्रॅक्टरला लागू झालेलेच आहे. यात अडचणी आहेत. पाळीवरून भांडणे होतील, हिशेबात गोंधळ होईल, पुढारी गाडी लग्नाला नेतील. सहकाराच्या अनुभवाने पोळलेल्या महाराष्ट्राला हे सांगावयास नको. परंतु या भांडणांची किंमत दहा घरांच्या व्याजाहून अधिक खचित नसेल, आणि भांडण मिटविता येते. व्याज मिटविता येत नाही.

गाडीची हौस असणाऱ्याने ती जरूर करावी. रेंगी रंगविणारा शेतकरीही ती करीतच होता. तिचा खर्च मात्र ज्याचा त्याने द्यावा. तो बंडीवाल्याच्या हप्त्यावर आणि हौद्यात उभ्या असलेल्या बाईच्या जिवावर टाकला जाऊ नये. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी निदान एका गावात बसून गाड्या किती, हप्ते किती, उभे दिवस किती आणि मजूर स्त्रिया जातात कशा, एवढा हिशेब वहीत उतरवावा. मागण्यांना बळ येईल ते त्या वहीतून.